भादव्यातली घोरपड

भात पोटरीला आलं की आमच्याकडच्या हवेला एक कोवळा, दुधट वास लागतो. बांधावरचा तेरडा गुलाबी व्हायला लागलेला असतो. आषाढभर ढगात बुडालेलं माथेरान दुपारच्या उघडिपीत थोडा वेळ डोकं वर काढतं आणि पुन्हा नाहीसं होतं. या दिवसांत कामावरून घरी येताना मी तळ्याजवळ स्कूटी थांबवते आणि पाण्याकडे बघत उभी राहते. परवा रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलंच, "काय वहिनी, रेंज येते काय हितं?" मी हो म्हटलं. पाण्यावरून सरकत जाणारी एक रेघ शोधतेय, हे त्याला कसं सांगणार?

ती रेघ पहिल्यांदा दिसली त्याला आता काही वर्षं झाली. खालापूर तालुक्यात, चौककडून आत वळणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. तळ्याच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला करवंदीच्या जाळ्यांचा माळ. त्या वर्षी गावातल्या बायकांच्या बचतगटानं तळं मासे पाळायला घेतलं होतं. गटाची पुढारी माझी थोरली जाऊ, सुनंदाताई. तिचं माहेर घाटात, ठाकुरवाडीच्या बाजूला. तिकडच्या चढउताराची सवय असलेली बाई सपाटीवर जरा जास्तच वेगानं चालते, तशी ती चालते आणि बोलतेही. श्रावणात तिनं टेंपोतून रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून तळ्यात सोडली, आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तळ्याला फेरी घालायला लागली. पाळण्यात डोकावून बघावं तशी काठावरून वाकून बघायची.

मी खोपोलीला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. एका संध्याकाळी घरी आले तर ताई ओट्यावरच बसलेली.

"नीलम, तळ्यात मगर हाय."

"काहीतरीच काय, ताई!"

"अगं, या डोळ्यांनी बगितली. नुस्तं डोकं वर. पाण्यातनं अशी नागमोडी गेली, नि मी हाक मारली तशी बुडाली. मी उभी ऱ्हायले, उभी ऱ्हायले, वर म्हनून आलीच नाय."

मगरीला हाक मारणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. पण हसायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं. कुठल्या तरी भलत्याच नदीतल्या मगरीचा व्हिडिओ आमच्या तळ्याचा म्हणून मोबाईलवर फिरायला लागला. धुण्याच्या दगडांवर कोणी फिरकेना, म्हशी पाण्यात सोडायच्या बंद झाल्या. आणि गटातल्या बायका ताईला विचारू लागल्या, आपल्या माशांचं काय?

रविवारी मी स्वतः जाऊन बसले. बराच वेळ काहीच नाही. पाणकावळे पंख पसरून वाळत होते, वारा आला की भात एका अंगावर कलत होतं. मग पलीकडच्या करवंदीतून काहीतरी उतरलं आणि पाण्यात शिरताना जराही आवाज झाला नाही. पाण्यावर एक लांबट, चपटं डोकं आणि त्यामागे फाकत जाणारी रेघ. मध्येच डोक्यातून काहीतरी बाहेर आलं आणि आत गेलं. पुन्हा आलं. जीभ! मी मोबाईल काढेपर्यंत ते पाण्याखाली गेलं होतं. मग मीही ताईसारखीच उभी राहिले, आणि मलाही ते वर आलेलं दिसलं नाही.

माधुरी माझी कॉलेजातली मैत्रीण, कर्जतला प्राणिशास्त्र शिकवते. तिला फोन केला. तिनं उत्तर द्यायच्या ऐवजी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"जीभ बाहेर काढली म्हणतेस? नक्की?"

"नक्की. दोन टोकांची होती, सापासारखी."

"मग मगर निकालात काढ. मगरीला जीभ अशी बाहेर काढताच येत नाही. पाठीवर उंच खवल्यांच्या रांगा दिसल्या?"

"नाही. पाठ गुळगुळीतच वाटली."

"घोरपड आहे. आता कुठली घोरपड ते शोध."

घोरपडीत कुठली म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. शाळेत ऐकलेली, दोर घेऊन कडा चढणारी एवढीच घोरपड माझ्या ओळखीची. कड्याला चिकटून बसणारं जनावर पाण्यात काय करतंय? रात्री इंटरनेटवर शोधलं तर पाणघोरपड नावाचं वेगळंच प्रकरण निघालं. आकारानं मोठी, पाण्याकाठी राहणारी, अंगावर पिवळे ठिपके. मी हरखूनच गेले. आमच्या तळ्यात पाणघोरपड! माधुरीला कळवलं. तिनं थंडपणे सांगितलं, "ती सुंदरबनात असते, ओरिसात, ईशान्येला, अंदमानात. तुमच्या चौकला कशी येईल? पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. नाकपुडी बघ. पाणघोरपडीची नाकपुडी थेट तोंडाच्या टोकापाशी असते. आपल्या घोरपडीची मागे असते, डोळा आणि टोक यांच्या साधारण मधे, तिरक्या चिरेसारखी."

आता माणसाची नाकपुडी बघायला जेवढं जवळ जावं लागतं, त्याहून जवळ घोरपडीच्या जायला हवं. पुढचे कितीतरी दिवस मी त्या एका नाकपुडीच्या मागे होते. कामावर जायच्या आधी तळ्यावर, आल्यावर तळ्यावर. नवरा म्हणाला, "माझं नाक कसंय, सांगता येईल का तुला?" खरंच, डोळे मिटून सांगता आलं नसतं.

पण तेवढ्या दिवसांत बाकीचं किती दिसत गेलं! ऊन वर आल्याशिवाय ती हलत नाही. आधी सांडव्याच्या दगडावर येऊन पसरते, चारी पाय फाकून, पोट दगडाला लावून. अंग तापलं की मग चालायला लागते, आणि चालताना सारखी जीभ आतबाहेर, आंधळा माणूस काठीनं वाट चाचपतो तशी. ओल्या चिखलात तिची वाट वाचता येते: दोन्ही बाजूंना नखांचे ठसे आणि मधून शेपटीनं ओढलेली वळणावळणाची रेषा. पाण्यात शिरली की पाय अंगाला चिकटवून घेते आणि सगळं काम शेपटीवर सोपवते. ती शेपटी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते, वल्ह्यासारखी, हे मला त्याच दिवसांत कळलं. एकदा मी नको तेवढी जवळ गेले तर तिनं गळा फुगवला आणि प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा लांब, जाड आवाज काढला. मी मागे सरले. तीही मागे सरली.

शेवटी एका उघडिपीच्या सकाळी सांडव्यावर फोटो मिळाला. मोबाईलवर तो मोठा करून मी नाकपुडी शोधली. मागे, मधोमध, तिरकी चीर. माझी पाणघोरपड गेली. क्षणभर वाईटही वाटलं.

"म्हणजे साधी घोरपड," मी माधुरीला म्हटलं.

"साधी कशाला म्हणतेस? झाडावर चढते, कड्यावर चढते, जमिनीत बीळ करते, पाण्याखाली बराच वेळ राहते. आपण तिला एका गोष्टीत बसवलं आणि बाकीची बघितलीच नाही."

घरी मात्र वातावरण तापायला लागलं होतं. मगर नाही म्हटल्यावर गावाची भीती ओसरली, पण ताईचा संताप वाढला. मगर असती तर वनखात्यानं नेली असती. घोरपडीचं काय करायचं? ताईच्या कोंबड्यांची अंडी नाहीशी होत होती. आणि एका दुपारी खुडूक कोंबडीखालची नुकती निघालेली पिल्लंच गेली. डालग्यापाशी चिखलात ती मधली वळणदार रेषा होती. मीच ताईला ती वाचायला शिकवली होती.

"अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली, नि तळ्यातलं मासं काय सोडलं असंल?" ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बायका मला विचारतात. मी काय सांगू?"

याच सुमाराला दत्ताभावोजी येऊन बसले. माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ, टेंपो चालवतात. बोटुकली त्यांच्याच टेंपोतून आली होती. ते म्हणाले, "वैनी, तुमी नुस्तं सांगा. मी पकडतो. तेल काढू. आईच्या गुडघ्यांना लागंल."

"मारणं गुन्हा आहे, भावोजी," मी म्हटलं. "आणि त्या तेलानं गुडघे बरे होत नाहीत."

"गुन्हा हाय ते ठावं हाय मला. पन आईला उठताबसता येत नाय, त्याचं तुमी सांगा." ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते. गोदाकाकूंना, त्यांच्या आईला, उठताना मी पाहिलं होतं.

मासे कोण खातंय, हा प्रश्न मला सोडेना. आणि तो सोडवायचा एकच मार्ग मला येत होता. इतकी वर्षं मी माणसांची विष्ठा तपासत आले आहे. घोरपडीची तपासायला काय हरकत? सांडव्याच्या दगडांवर ती सापडायचीच. प्लास्टिकच्या डबीत भरून घरी आणली, मागच्या पडवीत पाण्यात भिजवली, हातमोजे घातले आणि काडीनं उकलायला बसले. ताई नाकाला पदर लावून दारात उभी.

"शी! पगार देतात तितं करतेस ते ठीक हाय, घरी कशाला गं?"

"ये, बघ तरी."

आली, दोन पावलं अंतर ठेवून. मी एकेक तुकडा पांढऱ्या ताटलीवर ठेवत गेले. काळपट, कडक कवचाचे तुकडे. भुंग्यांच्या पंखांची चकाकती टरफलं. गोगलगाईच्या शंखाचा चुरा. एक पीस, ते ताईनं बरोबर ओळखलं. माशाचे दोन-तीन खवले. आणि मग एक वाकडा, दातेरी तुकडा. ताई अंतर विसरून खाली वाकली.

"ही चिंबोरीची नांगी हाय."

कवचाचे बाकीचे तुकडेही चिंबोऱ्यांचेच होते. दुसऱ्या डबीत तेच, तिसऱ्या डबीतही बहुतेक तेच. शेतातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, भादव्यात आमच्या बांधांची चाळण करतात. रात्रीत भोक पडतं आणि सकाळी खाचरातलं पाणी खाली उतरलेलं असतं. भात दाण्यावर येताना नेमकं पाणी गेलं की सगळं पोचट. ताईचा नवरा रोज सकाळी चिखलाचे गोळे घेऊन भोकं बुजवत फिरायचा.

ताई म्हणाली, "पिल्लं खाल्लीच तिनं."

"खाल्लीच."

"मासंबी खाल्लं."

"थोडे."

"नि चिंबोऱ्या ढीगभर." ती उठली. "आता हिला काय म्हनायचं गं?"

मला वाटतं, त्या प्रश्नाशी आम्ही दोघी पहिल्यांदा एका जागी आलो. तिला त्या जनावराचं नुकसान कळत होतं, मला नाव कळलं होतं, आणि दोन्ही मिळूनसुद्धा घोरपड आम्हाला पुरती कळलेली नव्हती.

गौरी आणायच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. तो थांबल्यावर आम्ही बायका तेरडा आणायला तळ्याच्या बांधावर गेलो. तळं भरून सांडव्यावरून वाहत होतं. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून गटानं तिथं जाळं लावलं होतं. त्या जाळ्यात घोरपड अडकली होती. मान, पुढचा एक पाय आणि शेपटीचा बुडखा, सगळं दोऱ्यांत गुरफटलेलं. पाणी वरून जात होतं. ती डोकं कसंबसं वर काढायची आणि पुन्हा खाली ओढली जायची.

कोणीतरी ओरडलं. दत्ताभावोजी रस्त्यावरच होते. ते पोतं आणि कोयता घेऊन धावत आले.

"आता आपोआपच गावली, वैनी. मी काय पकडायला गेलो नव्हतो."

बायका मागे सरल्या. मी म्हटलं, "भावोजी, नको." माझा आवाज मलाच बारीक वाटला. त्यांनी माझ्याकडे न बघता ताईकडे बघितलं. जाळं गटाचं होतं, आणि पिल्लं तिची गेली होती.

ताईनं हातातला तेरडा शेजारणीकडे दिला. "पोतं द्या," ती म्हणाली. भावोजींनी दिलं. तिनं ते भिजवून माझ्याकडे टाकलं. "नीलम, तोंडावर टाक हिच्या. कोंबडीला आंधार केला की गप ऱ्हाते ना, तसं." मग तिनं कमरेचा विळा काढला आणि सांडव्यात उतरली.

"वैनी, ईख असतंय तिच्या नखांत!"

"असूं दे."

"आईच्या गुडघ्यांचं—"

"दत्ताभावोजी, जाळं माझं हाय. मी बगते."

मी पोतं टाकून दोन्ही हातांनी दाबलं. पोत्याखाली तिचं डोकं माझ्या तळव्याखाली होतं, कडक आणि थंड, आणि त्याच्या मागे गळा भरत होता, रिकामा होत होता. ताई एकेक दोरा कापत गेली. नवीन जाळं होतं. प्रत्येक दोऱ्याला तिचा चेहरा आवळत होता. मानेचा फास सुटला. पाय सुटला. शेपटी सुटताक्षणी ती फटकन फिरली आणि माझ्या पोटरीवर वळ उमटला. त्या झटापटीत पुढची नखं ताईच्या मनगटावरून ओढत गेली. आणि मग ती पाण्यात नव्हती, बांधावर नव्हती, करवंदीत नुसती पानं हलत होती.

ताईच्या मनगटावर रक्ताच्या तीन रेषा होत्या. भावोजींचा चेहरा उतरला होता. "मी सांगत होतो," ते पुटपुटले, पण त्यात जिंकल्याचं काही नव्हतं, धसकाच होता.

मी साबणानं जखम धुतली आणि तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कशानं ओरखडलं? "घोरपडीनं," ताई म्हणाली. त्यांनी मान वर करून तिच्याकडे नीट बघितलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "विष वगैरे काही नाही. पण जखम स्वच्छ ठेवा." मीही तेच वाचलं होतं. तरी घरी आल्यावर मी तिच्या मागेमागेच होते. शेजारणी काही ना काही निमित्तानं येऊन तिचा चेहरा बघून जात होत्या. ताईला सगळं दिसत होतं. ती बांधलेल्या मनगटानं नैवेद्याच्या चिंबोऱ्या साफ करत राहिली. आमच्याकडे गौरीला चिंबोऱ्या लागतात.

"गौरीला हेच, नि तिलाबी हेच," ती मला हळूच म्हणाली आणि एकदम हसायला लागली. इतकी हसली की बाहेरच्या बायकांना वाटलं, विष डोक्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी ताई ठणठणीत होती. भावोजी सकाळीच येऊन बघून गेले. पुढच्या आठवड्यात गोदाकाकूंना मी माझ्याबरोबर खोपोलीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचे गुडघे पूर्ण बरे झाले असं नाही. पण काठी घेऊन त्या आता देवळापर्यंत जातात, आणि तेलाचा विषय भावोजींनी पुन्हा काढला नाही. ताईनं कोंबड्यांचं खुराडं खांबांवर उचलून घेतलं आणि चारी बाजूंनी जाळी मारली.

भादवा संपत आला तेव्हा एका सकाळी मी कामाला निघाले होते, आणि ताईनं बांधावरून हात हलवून मला थांबवलं. तोंडावर बोट. बांधाच्या टोकाला एक जुनं वारूळ आहे. तिथं माती उडत होती. घोरपड अर्धी आत होती. पुढच्या पायांनी उकरायची, मागे लोटायची, थांबून जीभ काढायची, पुन्हा उकरायची. मग ती वळली, मागची बाजू भोकात घालून निश्चल झाली. आम्ही ओल्या बांधावर तशाच बसलो. तेव्हा स्कूटी नव्हती; माझी बस गेली असणार, लॅबमध्ये नमुने खोळंबले असणार. ती पुन्हा बाहेर आली, आणि मग जे केलं ते मी कधी वाचलं नव्हतं. उकरलेली माती तिनं परत भोकात लोटली आणि नाकानं दाबत बसली. थोडी माती, की दाबणं. पुन्हा थोडी माती. सारवणाऱ्या बाईसारखी. सगळं सपाट झाल्यावर ती निघून गेली. एकदाही वळून बघितलं नाही.

"बसायची नाय व्हय ती अंड्यांवर?" ताईनं विचारलं.

"नाही. परत येत नाही म्हणतात."

"मग पिल्लांना कोन बगतं?"

"कोणीच नाही."

ताईला ते पटलं नाही. जाताना तिनं वारुळाभोवती काट्या टाकल्या.

फाल्गुनात मासे काढले. गटाच्या बायकांनी वाटे घातले, थोडी कुरबूर झाली, आणि पुढच्या वर्षीही तळं घ्यायचं ठरलं. वैशाखात एका दुपारी लॅबमध्ये ताईचा फोन आला. आदल्या दिवशी वळीव झाला होता.

"नीलम, वारूळ फुटलं! बोटाएवढी डोकी बाहेर आलीत. पिवळ्या पट्ट्यांची. लवकर ये गं!"

मी रिक्षा करून आले, तोवर वारुळाच्या कुशीत एक भोक होतं आणि बाकी काही नव्हतं. ताई तिथंच उकिडवी बसलेली. उन्हानं चेहरा लाल.

"गेली सगळी. जिकडंतिकडं. त्यातलं एक सरळ पान्याकडं गेलं. मी म्हटलं, बुडंल आता. धरायला गेले तर पान्यात उडी. नि पाय पोटाशी घेतलं, शेपटी हलवली, नि गेलं पोवत. आई नाय, कोन नाय. कुनी शिकवलं गं त्याला?"

उपजत असतं, असं म्हणता आलं असतं. पण तो फक्त एक शब्द झाला असता. आम्ही दोघी पाण्याकडे बघत राहिलो. उन्हाळ्यानं तळं कमरेएवढं उरलं होतं, तळाशी कोवळं शेवाळ दिसत होतं.

ताई म्हणाली, "मला येत नाय पोवता."

मला माहीत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ती या तळ्याकाठी आहे. श्रावणापासून तर रोज त्याच्यावर वाकून बघत होती. मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

"तुला येतं ना?"

"येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझा जुना पंजाबी ड्रेस घालून आली, ओढणी कमरेला घट्ट बांधून. धुण्याच्या दगडावरून एक पाय पाण्यात घातला, थंडीनं अंग चोरलं, दुसरा घातला. छातीशी दोन्ही हात घट्ट. मी पाण्यात उभी राहून तळवे पसरले होते.

"सोडू नको हां," ती म्हणाली, आणि पाय उचलले.